गवत वाढले आणि फुलपाखरू गेले

ब्रिटनच्या पार्लमेंटने १९७५ साली वन्य प्राणी व वनस्पती यांच्या संरक्षणाचा एक कायदा संमत केला. त्यातील संरक्षित प्राण्यांची यादी अगदी लहान होती. दोन जातींची वटवाघळे, एक सरडा, एक साप, एक भेक अशा मंडळींबरोबर त्या यादीत एका फुलपाखराचाही समावेश करण्यात आला होता. त्यास पकडणे किंवा मारणे हा गुन्हा ठरला. त्यानंतर अवघ्या चार वर्षांनी, म्हणजे १९७९ साली, ते फुलपाखरू ब्रिटनमधून नामशेष झाल्याचे जाहीर करावे लागले.

कायदा होता, राखीव क्षेत्रे होती, काळजी वाहणारी माणसे होती आणि त्यासाठी नेमलेली समितीही होती. तरीही हे घडले. ते का घडले, याचा उलगडा शेवटचे फुलपाखरू नाहीसे होण्याच्या सुमारास झाला. त्या उलगड्याच्या आधारे पुढे हेच फुलपाखरू त्याच भूमीवर पुन्हा वसविण्यात आले. कुरणे, गायराने व माळ यांच्याशी ज्यांचा रोजचा संबंध येतो, त्या वाचकांना ही हकीकत विशेष मननीय वाटेल.

नावाने मोठे, आकाराने लहान

इंग्रजीत या फुलपाखरास 'लार्ज ब्लू' म्हणतात. सोयीसाठी आपण त्यास 'मोठे निळे' म्हणू. परंतु हा मोठेपणा त्याच्या भाऊबंदांपुरताच आहे. निळ्या फुलपाखरांच्या कुळातील इतर जाती इतक्या चिमुकल्या असतात की चार-पाच सेंटिमीटर पंखविस्ताराचे हे फुलपाखरू त्यांत थोरले ठरते. महाराष्ट्र शासनाने २०१५ साली 'ब्लू मॉरमॉन' म्हणजे नीलवंत यास राज्य फुलपाखराचा मान दिला. त्या नीलवंताच्या एका पंखाखाली 'मोठे निळे' सहज झाकले जाईल. नावात निळेपणा असला तरी नीलवंताचे कूळ अगदी वेगळे आहे, हेही येथे सांगून ठेवले पाहिजे.

मोठ्या निळ्याच्या पंखांची वरची बाजू गडद निळी असते. कडेला काळसर पट्टा असतो आणि पुढच्या पंखांवर काळे ठिपके असतात. ते बसून पंख मिटते तेव्हा मात्र निळाई लोपते व करड्या-तपकिरी रंगावरील काळ्या ठिपक्यांची नक्षी दिसते. लिनियस या स्वीडिश शास्त्रज्ञाने १७५८ साली या जातीचे शास्त्रीय वर्णन केले व तिला 'एरियन' हे नाव दिले. ग्रीक कथेतील एरियन हा गायक समुद्रात पडला असता एका डॉल्फिन माशाने त्यास पाठीवर घेऊन किनाऱ्याला पोहोचविले, अशी आख्यायिका आहे. या फुलपाखराच्या अळीलाही कोणीतरी उचलून घरी नेत असते. ही गोष्ट लिनियसला ठाऊक असण्याचे कारण नव्हते, म्हणून हा निव्वळ योगायोगच म्हणावयाचा.

ब्रिटनमध्ये या फुलपाखराची पहिली नोंद १७९५ साली झाली. नैर्ऋत्येकडील कॉर्नवॉल, डेव्हन, सॉमरसेट, तसेच ग्लॉस्टरशायर या परगण्यांतील डोंगरउतारांवर ते आढळत असे. युरोप खंडातही त्याचा पसारा होता व आजही काही देशांत ते टिकून आहे, पण तेथेही ते झपाट्याने विरळ झाले.

थाइमच्या कळीत बालपण

जून-जुलै महिन्यांत, म्हणजे तिकडच्या उन्हाळ्यात, ही फुलपाखरे बाहेर पडतात. त्यांचे पंखांचे आयुष्य मोजक्या दिवसांचे असते. तेवढ्यात मादीला जोडीदार मिळवून अंडी घालावयाची असतात. ती अंडी घालते रान-थाइम नावाच्या एका बुटक्या, जमिनीसरशी पसरणाऱ्या वनस्पतीच्या कळ्यांवर. ही वनस्पती आपल्या तुळशीच्या कुळातील होय. ओव्याला जो उग्र वास येतो तो ज्या द्रव्यामुळे येतो, त्या थायमॉलचे नाव या वनस्पतीवरूनच पडले आहे. काही भागांत थाइमऐवजी रान-मरव्यावरही अंडी घातली जातात.

अंड्यातून निघालेली अळी कळीत शिरून फुले व कोवळी बीजे खाते. एकाच फुलोऱ्यात दोन अळ्या निघाल्या तर थोरली धाकटीला खाऊन टाकते. दोन-तीन आठवड्यांत अळी तीन वेळा कात टाकते. येथवर तिची जीवनकथा इतर फुलपाखरांसारखीच आहे. तिसऱ्यांदा कात टाकल्यावर मात्र ती खाणे सोडते आणि एखाद्या सायंकाळी झाडावरून खाली जमिनीवर उतरते. या वेळी ती तांदळाच्या दाण्याहूनही लहान असते. पूर्ण वाढीच्या वेळी तिचे जे वजन भरते, त्याच्या दोन टक्केही वजन अद्याप तिने कमावलेले नसते.

इतर जातींच्या अळ्या याच टप्प्यावर अधाशासारख्या खात सुटतात. ही मात्र जमिनीवर स्वस्थ पडून राहते. ती वाट पाहत असते मुंगीची.

मुंग्यांच्या घरातील पाहुणी

सायंकाळची वेळ तांबड्या रंगाच्या 'मिर्मिका' वंशातील मुंग्यांच्या भटकंतीची असते. यांपैकी एखादी कामकरी मुंगी अळीपाशी येते व आपल्या शृंगिकांनी तिला चाचपते. अळीच्या पाठीवर मागच्या बाजूस एक ग्रंथी असते. तिच्यातून गोड द्रवाचा थेंब निघतो व मुंगी तो चाटते. हा प्रकार बराच वेळ, कधी कधी काही तास चालतो. अखेरीस अळी अंग फुगवून पुढचा भाग वर उचलते. तिच्या अंगावरील रसायनांचा वास मुंग्यांच्या स्वतःच्या पिलांसारखा असतो. आपल्याच वारुळातील एखादे पिलू बाहेर पडले आहे अशी मुंगीची समजूत होते. ती अळीला जबड्यात अलगद धरते आणि घरी नेऊन पिलांच्या दालनात ठेवते.

वारूळ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे पुरुषभर उंचीचा मातीचा ढिगारा उभा राहतो. तो वाळवीचा असतो. या मुंग्यांचे वारूळ म्हणजे दगडाखाली किंवा गवताच्या मुळांत पोखरलेले साधे बीळ असून वरून ते ओळखूही येत नाही. त्या अंधाऱ्या बिळात ही अळी नऊ-दहा महिने काढते. तेथे ती काय खाते? ज्या पिलांमध्ये तिला ठेवलेले असते, तीच पिले. मुंग्या तिला काही करीत नाहीत, कारण त्यांच्या दृष्टीने ती घरचीच असते. ती खाते, मग दिवसच्या दिवस हालचाल न करता पडून राहते, पुन्हा खाते. प्रथम ती सर्वांत मोठी पिले निवडते. त्यामुळे धाकट्या पिलांना वाढावयास अवसर मिळतो व तिचा अन्नसाठा लवकर संपत नाही. हिवाळ्यात ती मुंग्यांबरोबरच निद्रिस्त होते. एक फुलपाखरू तयार होण्यास साडेतीनशेच्या आसपास तरी कामकरी मुंग्या असलेले वारूळ लागते, असा अभ्यासकांचा हिशेब आहे. एकाच वारुळात अनेक अळ्या आणल्या गेल्या तर सर्वांचीच उपासमार होते.

वसंत ऋतूच्या अखेरीस अळी वारुळाच्या वरच्या भागात कोष करते. कोषावस्थेतही मुंग्या तिची राखण करतात. याचे एक नवलाचे कारण याच वंशातील दुसऱ्या एका जातीबाबत उजेडात आले आहे. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार त्या जातीच्या अळ्या व कोष एक सूक्ष्म आवाज करतात आणि तो राणी मुंगीच्या आवाजाशी जुळणारा असतो. सामान्य पिलापेक्षा अधिक मान मिळविण्याची ही युक्ती होय. कोष करून सुमारे तीन आठवडे लोटले की एका सकाळी फुलपाखरू बाहेर येते, बिळाच्या वाटेने वर चढते, गवताच्या पात्यावर बसून पंख वाळविते आणि उडून जाते.

अळी थाइमवरून उतरल्यावर जाते कोठे, हे कोडे कीटकप्रेमींना दीर्घकाळ सुटले नव्हते. अळ्या पाळण्याचा प्रत्येक प्रयत्न त्या टप्प्यावर फसत असे. अखेर १९१५ च्या सुमारास टी. ए. चॅपमन, एफ. डब्ल्यू. फ्रोहॉक आणि कॅप्टन ई. बी. प्युरफॉय या तिघांच्या खटपटीने अळीचा मुंग्यांच्या घरातील मुक्काम व तेथील तिचा आहार उजेडात आला. प्युरफॉय यांनी तर अक्रोडाच्या रिकाम्या कवचांचा उपयोग करून मुंग्यांच्या सोबत अळ्या वाढविण्याची तजवीज केली. जीवनचक्राचे कोडे सुटले, आता या फुलपाखराविषयी जाणून घेण्यासारखे फारसे उरले नाही, असे वाटणे स्वाभाविक होते. पुढची अर्धशतकी चूक याच समजुतीतून झाली.

कुंपण आणि त्याचे फळ

मोठे निळे दुर्मीळ होते. दुर्मीळ म्हणून संग्राहकांत त्याला मागणी होती. व्हिक्टोरिया राणीच्या काळापासून जाळी घेऊन फुलपाखरांमागे धावणे हा तेथील सुखवस्तू लोकांचा छंद होता आणि टाचण्यांनी टोचलेली ही निळी फुलपाखरे शेकड्यांनी पेट्यांत जाऊन बसली होती. त्यामुळे संख्या घटू लागताच सर्वांची बोटे संग्राहकांकडे वळली. एका ठिकाणी विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात वसतिस्थानाभोवती कुंपण घालण्यात आले. संग्राहकांना मज्जाव झाला. त्याबरोबर गुरांनाही झाला, कारण गुरे थाइमची रोपटी तुडवतात व फुलांसकट खातात, तेव्हा तीही शत्रूच, अशी समजूत होती. कुंपणाच्या आतील फुलपाखरे काही वर्षांत नाहीशी झाली.

हे एकदा झाले असते तर अपवाद म्हणून सोडून देता आले असते. पण राखीव क्षेत्रांचा अनुभव पुनःपुन्हा असाच येत गेला. थाइम होते, मुंग्याही होत्या, संग्राहक नव्हते. आणि तरीही फुलपाखरे एकेका उतारावरून जात होती. हवामान, कीटकनाशके, वस्त्यांचे एकमेकींपासून तुटलेपण, आंतरप्रजनन अशी निरनिराळी कारणे पुढे करण्यात आली. १९६० नंतरच्या दशकात या एका फुलपाखरासाठी संयुक्त समिती काम करीत होती. समितीतील मंडळी मनापासून झटत होती, हे नमूद केले पाहिजे. त्यांच्यापाशी जे ज्ञान होते ते अपुरे होते, एवढाच त्यांचा दोष.

याच काळात दोन मोठे फेरबदल झाले होते, पण त्यांचा फुलपाखराशी संबंध कोणी जोडला नव्हता. पहिला शेतीतला. दुसऱ्या महायुद्धानंतर सपाट जमिनी नांगराखाली गेल्या, आणि जेथे नांगर चालत नव्हता त्या चढ्या उतारांवर गुरे चारणे परवडेनासे झाले. शेतकऱ्यांनी ते उतार सोडून दिले. दुसरा बदल सशांचा. १९५३ साली 'मिक्झोमॅटोसिस' नावाचा सशांचा संसर्गजन्य रोग ब्रिटनमध्ये शिरला आणि दोन-तीन वर्षांत तेथील बहुसंख्य ससे मेले. गुरे गेली, ससेही गेले. उतारांवरचे गवत वाढू लागले. वरून पाहणाऱ्याला ते अधिक हिरवे व टवटवीत दिसत असणार!

दोन सेंटिमीटर गवत

१९७२ साली जेरेमी थॉमस या तरुण कीटकशास्त्रज्ञाने डार्टमूर भागातील अखेरच्या वस्तीपाशी मुक्काम ठोकला. पुढे ते ऑक्सफर्ड विद्यापीठात प्राध्यापक झाले. सलग अनेक उन्हाळे त्यांनी त्या एका उतारावर काढले. किती अंडी घातली गेली, किती अळ्या खाली उतरल्या, कोणत्या मुंगीने कोणती अळी उचलली, किती जगल्या, याची त्यांनी मोजदाद केली. काम अत्यंत किचकट होते व फळ हाती येईल याची शाश्वती नव्हती.

या मोजदादीतून जे निघाले ते थोडक्यात असे. मिर्मिका वंशाच्या अनेक जाती त्या उतारांवर नांदतात. पाहणाऱ्याला त्या सारख्याच दिसतात. पूर्वीच्या अभ्यासकांनी 'तांबडी मुंगी' एवढेच म्हणून समाधान मानले होते. यांतील कोणतीही मुंगी भेटली तर ती अळीला उचलून घरी नेते. पण 'मिर्मिका सॅब्युलेटी' या एकाच जातीच्या वारुळात अळ्या पुरेशा संख्येने जगतात. इतर जातींच्या घरी पोहोचलेल्या अळ्या बहुधा मरतात. म्हणजे हे फुलपाखरू केवळ मुंग्यांवर अवलंबून नव्हते. ते एका विशिष्ट मुंगीवर अवलंबून होते.

आणि ती मुंगी अवलंबून होती उन्हावर. सॅब्युलेटी ही उबेची भोक्ती आहे. इंग्लंडसारख्या थंड प्रदेशात सूर्य दक्षिणेकडे कललेला असल्यामुळे दक्षिणाभिमुख उतार सर्वांत जास्त तापतात, आणि तेथेही गवत अगदी आखूड असेल तरच ऊन मातीपर्यंत पोहोचते. गवताची उंची दोन सेंटिमीटरच्या आसपास असली की ही मुंगी सुखाने नांदते. ती उंची तीन-चार सेंटिमीटरवर गेली की जमिनीवर सावली पडते व मातीचे तापमान दोन-तीन अंशांनी उतरते. माणसाच्या तळव्याला न जाणवणारा हा फरक आहे. परंतु तेवढ्याने सॅब्युलेटी माघार घेते आणि तिची जागा थंडावा मानवणारी 'मिर्मिका स्कॅब्रिनोडिस' ही तिची बहीण घेते. थाइम आणखी कितीतरी वर्षे फुलत राहते. फुलपाखरू येते, अंडी घालते, अळ्या उतरतात, मुंग्या त्यांना घरी नेतात. पण ते घर दुसऱ्याचे असते.

ज्या गुरांना शत्रू मानून कुंपणाबाहेर काढले होते, त्यांच्या तोंडानेच हे गवत आखूड राहत होते. संग्राहकांनी नेलेल्या फुलपाखरांचे नुकसान एखाद्या चांगल्या हंगामात भरून निघाले असते. मुंगीच गेल्यावर भरून निघण्यासारखे काही उरले नाही.

हे उमगेपर्यंत फार उशीर झाला होता. डार्टमूरच्या त्या उतारावर लगोलग गुरे सोडण्यात आली, झुडपे काढण्यात आली. परंतु मूठभर उरलेल्या फुलपाखरांवर १९७५ व १९७६ या दोन कोरड्या उन्हाळ्यांचा घाला पडला. विशेषतः १९७६ चा दुष्काळ तेथील लोकांच्या आजही स्मरणात आहे. त्यातून ही वस्ती सावरली नाही. १९७९ साली ती संपली तेव्हा उतारावरील गवत मात्र हवे तसे आखूड होऊ लागले होते.

स्वीडनहून आणलेले बियाणे

घर तयार होते, राहणारा नव्हता. तेव्हा राहणारा बाहेरून आणण्याचे ठरले. बाल्टिक समुद्रातील ओलँड या स्वीडनच्या बेटावर ही जाती टिकून होती. थॉमस आणि त्यांचे सहकारी डेव्हिड सिमकॉक्स यांनी तेथून आणलेल्या अळ्यांची पहिली तुकडी १९८३ साली डार्टमूरच्या उतारावर सोडली. प्रयोग यशस्वी होतो असे दिसताच सॉमरसेट व ग्लॉस्टरशायरमधील उतारही तयार करण्यात आले. सॉमरसेटमधील कॉलर्ड हिल या टेकडीवर २००० साली ही फुलपाखरे सोडण्यात आली. नॅशनल ट्रस्ट या संस्थेच्या ताब्यातील ती टेकडी सर्वांना खुली असून हंगामात फुलपाखरू पाहण्यासाठी दूरदूरचे लोक तेथे येतात. ग्लॉस्टरशायरमधील रॉडबरो कॉमन या सार्वजनिक चराऊ माळावरून तर हे फुलपाखरू दीडशे वर्षांपूर्वीच गेले होते. तेथे काही वर्षे चराई नियंत्रित करून व झुडपे कमी करून जमीन तयार केली गेली, २०१९ साली सुमारे ११०० अळ्या सोडण्यात आल्या आणि पुढच्याच उन्हाळ्यात सुमारे ७५० फुलपाखरे उडाली.

थॉमस, सिमकॉक्स व त्यांचे सहकारी यांनी या साऱ्या कामाचे निष्कर्ष २००९ साली 'सायन्स' या नियतकालिकात मांडले. त्यासाठी ७८ ठिकाणांची निरीक्षणे वापरण्यात आली होती. गवताची उंची व मुंग्यांचे प्रमाण यांवरून फुलपाखरांची संख्या किती होईल याचे जे अंदाज आधी बांधले होते, ते प्रत्यक्षात उतरल्याचे त्यात दाखविले आहे. कीटकांच्या संरक्षणात हे क्वचितच घडते. कायद्याची गरज मात्र त्यामुळे संपलेली नाही. २०१७ साली ही फुलपाखरे बेकायदा पकडून मारल्याबद्दल एका संग्राहकास ब्रिस्टल येथील न्यायालयाने शिक्षा ठोठावली.

संशोधनही थांबलेले नाही. रान-मरव्याच्या मुळाशी मिर्मिका मुंग्यांनी बीळ केले की ती वनस्पती विशिष्ट वासाचे द्रव्य अधिक प्रमाणात सोडते, आणि त्या वासाच्या अनुरोधाने मादी अंडी घालण्याचे झाड निवडते, असे २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आढळले. म्हणजे आपल्या अळीसाठी खाली मुंगी आहे की नाही, हे मादीला वरूनच कळू शकते. ती मुंगी नेमकी कोणत्या जातीची, हे मात्र तो वास तिला सांगत नाही.

चराई आणि चराईबंदी

आता आपल्याकडे वळू. ही हकीकत वाचून 'मग गुरे मोकळीच सोडावीत' असा अर्थ कोणी काढील, तर तो घातक ठरेल. पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धी व नगर तालुक्यातील हिवरे बाजार या गावांनी चराईबंदी व कुऱ्हाडबंदी स्वीकारली, तेव्हा त्यांच्या डोंगरावर गवताची काडी राहिली नव्हती आणि प्रत्येक पावसात माती वाहून जात होती. तेथे बंदी हाच उपाय होता. गवत वाढले, ते कापून गुरांना घालता आले, पाणी मुरले. कमी पावसाच्या उघड्या खडकाळ उतारावर चराई थांबविणे आणि इंग्लंडच्या दमट उतारावर ती सुरू ठेवणे, या दोन्ही गोष्टी आपापल्या जागी योग्य आहेत. खुद्द युरोपातही दोन सेंटिमीटरचा नियम सर्वत्र लागू पडत नाही. दक्षिणेकडील उबदार प्रदेशात तीच सॅब्युलेटी मुंगी उंच गवतातही सुखाने राहते, कारण तेथील माती सावलीतही पुरेशी तापते.

प्रस्तुत लेखकाच्या मते यातून आपण उचलावयाची गोष्ट वेगळी आहे. आपल्याकडे माळरान म्हणजे ओसाड, पडीक जमीन, आणि तिचे भले करावयाचे म्हणजे तीवर झाडे लावावयाची, ही समजूत खोलवर रुजली आहे. सरकारी कागदपत्रांतही तिचे प्रतिबिंब पडते. माळ हा जर अनेक जिवांचा संसार असेल, तर त्यावर खड्डे खणण्यापूर्वी, कुंपण घालण्यापूर्वी किंवा कुंपण काढण्यापूर्वी तेथे कोण राहते व कशाच्या आधाराने राहते याची नोंद करावयास हवी. ती करावयास एखादा उन्हाळा पुरत नाही. थॉमस यांना सहा लागले. आपल्या माळांवरील फुलपाखरांपैकी बहुतेकांच्या बाबतीत इतक्या बारकाईने कोणी मोजदाद केलेली नाही, आणि गावातील शिक्षक व विद्यार्थी यांना तिची सुरुवात करणे अशक्य नाही.

कारण निळ्या फुलपाखरांचे कूळ आपल्याकडे मुबलक आहे. शाळेच्या पटांगणातील हिरवळीवर वीतभर उंचीवरून भिरभिरणारी फिकट निळी पाखरे याच कुळातील. गोखरू व माठ या वनस्पतींवर त्यांतील एका जातीच्या अळ्या वाढतात. तुरीच्या शेंगा पोखरणारी एक निळी जात शेतकऱ्यांच्या परिचयाची आहे, अर्थात कीड म्हणून. या कुळातील निम्म्याहून अधिक जातींच्या अळ्यांचे मुंग्यांशी काही ना काही नाते असते. बहुतेक ठिकाणी ते देवाणघेवाणीचे असते. अळी गोड द्रव देते आणि मुंग्या कोळी, गांधीलमाश्या यांपासून तिचे रक्षण करतात. मोठ्या निळ्यासारखा घरात शिरून यजमानाची पिले खाण्याचा प्रकार त्या मानाने विरळा.

हे पाहण्यासाठी डार्टमूरला जाण्याचे कारण नाही. पावसाळा सरता सरता गावाबाहेरच्या बोरीपाशी जावे. जेथे मुंग्यांची ये-जा एखाद्याच कोवळ्या फांदीवर जास्त दिसते, तेथील पाने हलकेच उलटून पाहावीत. काही पाने रेशमाच्या धाग्यांनी एकमेकांस जोडलेली आढळतील, तर काहींच्या खालच्या बाजूस पानाच्याच रंगाची, चपटी, गोगलगायीसारखी सरकणारी अळी चिकटलेली असेल. मुंगी शृंगिकांनी तिची पाठ थोपटते आणि क्षणभराने मागच्या टोकाशी पाण्यासारखा एक थेंब येतो. भिंगातून तो स्पष्ट दिसतो. अळी न तोडता, फांदीला दोरा बांधून ठेवावा व रोज एकाच वेळी जाऊन किती अळ्या उरल्या, मुंग्या कोणत्या रंगाच्या, गुरे त्या बाजूला चरून गेली काय, एवढे वहीत लिहावे.